झिपलाफू

दुसरीच्या वर्गाने ‘माझी शेळी’ हा धडा तालासुरात वाचला आणि तपासणीला आलेले साहेब खूश झाले. तेवढ्यात माळवदेबाईंचं लक्ष गेलं. सगळ्यात खणखणीत वाचणाऱ्या तन्मयचं पुस्तक उलटं होतं!

बाईंना घाम फुटला, आणि हसूही. प्रशिक्षणात ऐकलं ते हेच की! मेंदू अक्षराला आवाज जोडतो, तेव्हा वाचन होतं. पाठांतर उघडं पाडायचं तर अर्थच नसलेला शब्द द्यायचा. प्रशिक्षणातून आल्यापासून बाई वर्गात आवाज जोडायचा खेळ घेत होत्या. होऊन जाऊ दे, म्हणत त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘झिपलाफू’.

तन्मय पुस्तकात तो शब्द शोधू लागला. साहेबांच्या कपाळावर आठी. “बाई, हे काय भलतंच?”

मागच्या बाकावरून कस्तुरा उठली. तिला एकही धडा पाठ होत नसे, म्हणून साहेबांनी मागच्या खेपेला तिला ‘अप्रगत’ ठरवलं होतं.

“झि... प... ला... फू. झिपलाफू!” ती म्हणाली. “बाई, म्हणजे काय?”

“काही म्हणजे काही नाही गं!” बाई जवळजवळ उडाल्याच. “आत्ताच मनाने बनवलाय.”

“म्हणजे कुणीच सांगितला नव्हता? माझी मीच वाचला?”

सगळा वर्ग ‘झिपलाफू, झिपलाफू’ करत बाकांवर नाचू लागला. त्या गलक्यात कस्तुराने खडू उचलला, जीभ बाहेर काढून फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहिला आणि वळली.

“साहेब, आता तुमची पाळी.”

साहेबांनी चष्मा सावरला. “ढु... ब... ढु...”

“घाई नका करू,” कस्तुरा म्हणाली. “आवाज जोडा.”