शिंगाचं पात्र

“पात्र आणा,” गुरुजी म्हणाले, आणि कृष्णकांतराव देवघराच्या उंबऱ्यातच थबकले.

गेंड्याच्या शिंगाचं पात्र होतं ते, चार पिढ्यांचं. त्यातून दिलेलं पाणी पितरांना सरळ पोचतं, अशी घरातली समजूत. एरवी पितृपक्षात ते वडिलांच्या तिथीला निघायचं. आज शस्त्रानं गेलेल्यांची चतुर्दशी. आजचं पाणी होतं एकुलत्या एका पोराचं, ऋषीचं. आसामात गेंडे वाचवणाऱ्या संस्थेत होता. फाल्गुनात चोरट्या शिकाऱ्याची गोळी लागून गेला. बापानं लेकाला पाणी द्यायचं! वैऱ्यावरही येऊ नये अशी वेळ.

ऋषी फोनवर सारखा मागे लागायचा. “बाबा, ते शिंग वनखात्यात जमा करा. आपल्याच घरी असलं तं मी लोकाइले कोन्या तोंडानं सांगू?” शेवटी दोन वर्षांपूर्वी कृष्णकांतराव वैतागून म्हणाले, “केलं बापा जमा. आता तरी नीट जेवत जा.” पात्र होतं प्रतापनगरच्या या घरातच, देवांच्या मागे, लाल फडक्यात. जन्मात तेवढंच खोटं बोलले. नाहीतर चौतीस वर्षं कारकुनी केली, पण एका कागदावर कधी मागची तारीख टाकली नाही. साहेब लोक रुसले, फुगले, तरी नाही.

बायकोनं, सुमतीबाईंनी, एक पाकीट पुढे केलं. ऋषीच्या सोबत्याचं पत्र होतं, कालच आलेलं.

“आधी हे वाचा,” त्या म्हणाल्या. “मग वाटलं तं काढा ते पात्र.”

सोबत्यानं लिहिलं होतं, ऋषी गावोगाव सभेत सांगायचा, माझ्या बाबांनी चार पिढ्यांचं शिंग माझ्या एका शब्दावर देऊन टाकलं. ते ऐकून एका म्हाताऱ्यानं घरात दडवलेलं शिंग आणून त्याच्यापुढे ठेवलं होतं.

कृष्णकांतरावांनी पत्र दोनदा वाचलं. पोराच्या फोटोकडे बघायची लाज वाटली त्यांना. त्यांनी ओंजळीनंच पाणी दिलं. बोटांच्या फटींतून ते आधीच गळून जात होतं.

दुपारी लाल फडकं घेऊन ते वनखात्याच्या कचेरीत गेले. टेबलामागच्या साहेबानं पात्र उलटंपालटं करून पाहिलं.

“इतके दिवस घरात ठेवलं, काका? काहून? केस होऊन जाईल ना तुमच्यावर.”

“होऊ द्या.”

साहेबानं पावतीपुस्तक ओढलं आणि आजची तारीख लिहायला घेतली. कृष्णकांतरावांनी त्याचा हात धरला.

“तारीख तेवढी मागची टाका ना, साहेब,” ते म्हणाले. “माझा पोरगा जिता होता तवाची.”