टीव्हीचा दोष

आजारपणातून उठलेला दादा नव्या कोऱ्या टीव्हीवर आमचा लहानपणचा व्हिडिओ गेम लावून बसला. ज्या खड्ड्यावरून तो पूर्वी डोळे मिटून उडी मारायचा, त्यात आज सलग अकरा वेळा पडला.

"जुने गेम नव्या टीव्हीवर खेळण्यात काही राम नाही," तो कंट्रोलर आपटत म्हणाला. "बटण दाबलं तरी उडी उशिरा!"

"टीव्हीच मंद आहे," मीही त्याची री ओढली.

तो आंघोळीला गेल्यावर मी सहज कंट्रोलर उचलला. पहिल्याच झटक्यात खड्डा पार. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाही.

"भाऊजी, ह्यांच्या शाळेच्या व्हॅनची किल्ली दिसली का?" वहिनीने आतून विचारलं. "उद्यापासून हे पुन्हा मुलांना नेणार आहेत."



समोरच पडलेली किल्ली मी खिशात टाकली आणि म्हणालो, "नाही, वहिनी."