वंशावळीतली तीन नावं

यरुशलेम पडल्यापासून म्हाताऱ्या हशब्याने घराण्याच्या वंशावळीची गुंडाळी उघडली नव्हती. बंदी करून नेलेल्या बाबेलात कालवा खणताना मुलगा गेला, तेव्हा त्याने देवाचं नाव घेणंही सोडलं. आज त्याच मुलाच्या बाळाची सुंता होती. सून यमीमाने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं आणि गुंडाळी समोर पसरली. "मामंजी, नातवाचं नाव लिहा." "शेवटचं नाव माझ्या बापाचं आहे, पोरी. देव आपल्याला विसरला." "त्यानं आपल्या मूळपुरुषाला, अब्राहामाला, वंश राखायचा शब्द दिलाय. विसरला असता, तर तुमची मांडी आत्ता ओली कोणी केली?" सुंतेला जमलेले शेजारी हसले. म्हाताराही हसता हसता रडला. त्याने बोरू उचलला. आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग गेलेल्या मुलाचं, त्याखाली बाळाचं: पदाया, म्हणजे 'देवाने सोडवलं'. उभं राहून त्याने अब्राहामापासून पदायापर्यंत सगळी नावं खणखणीत आवाजात वाचली. प्रत्येक नावाला अख्खी गल्ली "आमेन" म्हणाली.