भिंग गार होताना

“अगं धाव! दादाचं आता काही खरं नाही!” अंगणापलीकडच्या खोलीतून आत्या ओरडली, तेव्हा तिची भाची भट्टीच्या तोंडाशी उकिडवी बसली होती. हातात लाकडाची ढलपी.

भट्टीत बंदराच्या दिव्याचं भिंग होतं, चांगलं परातीएवढं. जुनं वादळात फुटलं, तेव्हापासून बोटी अंधारात किनारा चाचपडत होत्या. बाबांनी नवीन काच ओतली आणि अंथरूण धरलं. आता पाच दिवस आच उतरवायची, एकेक ढलपी कमी करत. घाई झाली की काच वरून दगड होते, पोटात मात्र धग राहते; मग ती डूख धरून बसते आणि टक्कन उभी फुटते. बाबांचं ऐकाल, तर भट्टीपाशी कुणी जांभई दिली तरी भिंगाला तडा जातो. एका गिऱ्हाइकाला तर त्यांनी शिंकला म्हणून हाकललं होतं.

अकरा वर्षं तिने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आई गेली तेव्हाही असंच एक भिंग गार होत होतं. ती परगावाहून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं आणि बाबा इथे, याच पाटावर, आच राखत बसले होते. बायकोचा जीव वीस पावलांवर गेला आणि हा माणूस ढलप्या मोजत होता! “काच सुखरूप आहे ना? झालं तर,” एवढंच बोलून ती गेली, ती आत्याचा निरोप आला तेव्हा परवा परतली.

ढलपी तिथेच टाकून ती धावली.

बाबांचे डोळे मिटलेले होते. छातीत घरघर. तिने त्यांचा हात हातात घेतला.

“भट्टीपाशी कोण आहे?”

“कुणी नाही.”

“मग इथे काय माझं तोंड बघतेस? ऊठ!”

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. “दादा, निदान आता तरी...”

“फुटू दे भिंग,” ती म्हणाली. “आईला सोडून तुम्हाला तिथे बसवलं. मला नाही बसवणार.”

बाबांनी डोळे उघडले.

“बसवलं कुठलं? दोनदा आलो होतो. दोन्ही वेळा तिनेच याच खाटेवरून हाकललं. म्हणाली, बोटीतली माणसं बुडवून माझ्या उशाशी बसलात, तर मेल्यावरसुद्धा बोलणार नाही तुमच्याशी.”

ती उठली. दारापर्यंत गेली. तिथे तिचे पाय थबकले.

“मग मला का नाही सांगितलं? अकरा वर्षं, बाबा!”

“सांगितलं असतं, तर तिच्यावर रुसली असतीस.” त्यांनी कसाबसा श्वास गोळा केला. “आणि ती कुठे तुझी समजूत काढायला येणार होती?”