नावाड्याची टिप

पेम्बा बेटाच्या समुद्रात मी पाहुण्यांना खाली नेऊन कासवं दाखवतो, म्हणून वर आल्यावर टिप माझ्याच हातावर पडते. आमचे बुडबुडे बघत उन्हात बसणाऱ्या आणि आम्ही डोकं वर काढताच नाव अगदी शेजारी आणणाऱ्या कोंबोकाकाला मात्र आभाराचं कोरडं "असांते!"

परवा इंजिन अडलं. नाव येईपर्यंत पाहुणे लाटांवर हेलकावे खात रडकुंडीला आले. काकाने एकेकाला हात धरून वर ओढलं, तर सगळे त्याच्या गळ्यातच पडले आणि नोटाही त्याच्याच खिशात कोंबल्या. मी बघत बसलो.

आज सकाळी मी विचारलं, "काका, इंजिन झालं ना नीट?"

"झालं की, लोण्यासारखं चालतंय. आणि हे बघ फाकी, आजपासून टिप अर्धी तुझी, अर्धी माझी. फक्त तू मध्ये तोंड घालू नकोस."

"काहीतरीच काय, काका!" म्हणत मी पाण्यात उडी मारली.

वर आलो, तर नाव लांबवर उभी आणि काका निवांत चहा पितोय. पाहुणे घाबरून माझ्या तोंडाकडे बघायला लागले.



सगळ्यांच्या आधी मीच ओरडलो, "मेलो! वाचवा!"