पगाराचं खातं

हौसाक्कानं बचत खात्यावर जादा व्याज मागितलं, तेव्हा बँकेतली पोरगी हसली. "आक्का, ज्या खात्यात दर महिन्याला पगार जमा होतो, त्यालाच जादा व्याज. तुम्हाला कोण देतंय पगार?"

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोरच म्हैस पिळतात. त्या संध्याकाळी हौसाक्काच्या नवऱ्यानं, तात्यानं, नेहमीसारखी पैशाची पिशवी मांडीवर घेतली, पण बायको धार काढायला बसलीच नाही.

"आदी माझा पगार ठरवा."

"घरच्या बाईला कसला गं पगार?" म्हणत तात्या स्वतःच बसला. म्हशीनं परका हात ओळखला आणि पान्हा चोरला. गिऱ्हाइकं रिकामे पेले घेऊन उभीच.

"काय तात्या, म्हशीचाबी पगार थकलाय काय?" एकानं विचारलं.

तात्यानं घाम पुसला. "बस की गं आता. पयल्या तारखेला टाकतो तुझ्या खात्यात."

"समद्यांनी ऐकलंय न्हवं?" म्हणत हौसाक्कानं पदर खोचला.

पुढच्या महिन्यात खातं बघून बँकेतली पोरगी चकित झाली. "आक्का, कुठं लागलात कामाला?"

"लागून चाळीस वर्सं झाली, बाई. पगार आत्ता सुरू झालाय."