गोल्डबाखची यंदाची वाट

"यंदा कुठल्या वाटेनं?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

लीलाधर सर पिशवीत कागद कोंबत होते. "चाळणीच्या. अगं, दोनापेक्षा मोठी कुठलीही सम संख्या घे, ती दोन मूळ संख्यांची बेरीज असते, असं गोल्डबाख म्हणून गेला. अठ्ठावीस म्हणजे अकरा अन् सतरा. दिसतो पोरखेळ. पण सगळ्या संख्यांसाठी सिद्ध करायला गेलं की भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. चाळणी लावून भाग जाणाऱ्या संख्या गाळल्या की पहिली मूळ संख्या हाती लागते. तिचा जोडीदार मूळच निघेल, याची मात्र हमी नाही."

"अन् मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्षी अपवादांच्या मागे होतो. असलेच तर ते फार विरळ असणार, एवढं दाखवता येतं. पण एक जरी निघाला, तरी बठ्ठं पाण्यात."

"एकच गेला, तरी बठ्ठं पाण्यात," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि डब्यात फुनके भरू लागल्या. डाळीचे हे वाफवलेले गोळे त्यांच्या मुलाला, स्वप्नीलला, फार आवडायचे. धुळ्याच्या प्राध्यापकांनाही आवडतात, असं सर सांगत.

जगात कुणाला न सुटलेलं गणित पिंप्राळ्याचा निवृत्त मास्तर सोडवेल, असं कॉलनीत कुणालाच वाटत नव्हतं. लोक तोंडावर "सर, कुठवर आलं?" विचारत आणि पाठ फिरली की हसत. हसा लेकहो! या घराचं काय त्या गणितावर टांगलंय, ते तुम्हाला काय ठाऊक?

स्वप्नील एकुलता एक. गणितात बापाच्या वरचढ. त्यानं याच प्रश्नाची सिद्धता लिहून आणली, तेव्हा सरांनी चार पाहुण्यांसमोर तिच्यातली चूक दाखवली आणि वर हसले. पोरगा तिथल्या तिथे उठला. "हे सुटेल तेव्हाच या घरात पाय ठेवीन," म्हणाला आणि गेला.

सरांनी चोपडा, यावल, धुळे पालथं घातलं. पोरगा सापडला नाही, असं सांगत घरी परतले ते डोक्याचा चकोट करून. उन्हात फिरून डोकं तापलं म्हणे.

मग त्यांनी ते गणित हाती घेतलं. सुटलं की पेपरात येईल, पेपरात आलं की पोरगा वाचेल, वाचलं की येईल. या आशेवर प्रमिलाबाई जगत होत्या. दर ज्येष्ठात सर नव्या वाटेचे कागद धुळ्याच्या प्राध्यापकांना दाखवायला नेत आणि संध्याकाळी मान हलवत परत येत. तारीख दरवर्षी वेगळी. प्राध्यापकांची सवड असेल तशी.

अंगणात शेजारचे अभिमनभाऊ पेपर वाचत बसले होते. "सर, आज रविवार. कॉलेजात कोण भेटणार तुम्हाला?"

सर गडबडले.

"घरी भेटतात ते," प्रमिलाबाई आतून म्हणाल्या. "तुम्ही आपला पेपर वाचा, भाऊ."

सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एरवी दारी आलेल्या मांजरालाही उपाशी न जाऊ देणाऱ्या प्रमिलाबाईंनी नवऱ्याला चहाचा आग्रह केला नाही. डबा फडक्यात बांधून हातात दिला.

"बारापर्यंत पोचा. उशीर करू नका."

"यंदाही नाही सुटलं तर?"

"तर पुढच्या वर्षी दुसरी वाट. पण तुम्ही थांबू नका. थांबलात तर काय राहील हो आपल्याकडे?"

सर फाटकाबाहेर पडले आणि मागे दाराची कडी लागली. पूर्वी प्रमिलाबाई कडी लावत नसत. पोरगा अवेळी आला तर दारात तिष्ठत राहायला नको, म्हणून. अलीकडे लावायला लागल्या होत्या. चोऱ्या वाढल्यात, म्हणायच्या.

बसमध्ये सरांनी कागद बाहेर काढलेच नाहीत. डबा मांडीवर धरून बसले. बायकोची त्यांना फार दया येत होती. बिचारी अजून वाट बघतेय.

धुळ्याला उतरून त्यांनी रिक्षा केली.

"कॉलेज का, नाना?" रिक्षावाल्यानं पिशवीतले कागद बघून विचारलं.

"नाही. पांझरेकाठी घे. स्मशानाजवळ."

पोलिसांच्या निरोपावरून ते त्या वर्षी धुळ्याला आले होते, आणि इथंच त्यांनी एकट्यानं स्वप्नीलला अग्नी दिला होता. प्रमिलाला कळलं तर ती जगणार नाही, म्हणून तोंड शिवून घेतलं. आज पोराची तिथी. पाणी सोडायचं, कावळ्याला घास ठेवायचा आणि परतायचं. काळे तीळ ते दरवर्षी इथल्याच दुकानातून घेत. घरातले घेतले असते तर तिनं विचारलं असतं. आज दुकान बंद होतं. यंदा तिळांवाचून भागवू, असं म्हणत ते नदीकाठी बसले आणि त्यांनी डबा उघडला.

फुनक्यांशेजारी एक कागदी पुडी होती. तिच्यात काळे तीळ होते, निवडून स्वच्छ केलेले.